डॉलरला इसार

मार्कर परमनंट आहे हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा रुपयाचा बाण फळ्याच्या वरच्या टोकाला जाऊन टेकला होता.

फळा नवा कोरा होता. त्याच्या कडेचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या भातवाल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. कापूरहोळजवळ एक शेड भाड्यानं घेतली होती, आणि तिथल्या पहिल्या मोठ्या बैठकीत मी त्यांना डॉलर समजावून सांगत होतो. मी म्हणजे बँकेच्या भोर शाखेचा मॅनेजर. श्रावण होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे मी ओरडूनच शिकवत होतो.

"सायेब, ह्ये पुसायचं का आता?" अध्यक्ष बबनआण्णा फडकं घेऊन पुढे आले.

"राहू द्या, आण्णा. महत्त्वाचं आहे," मी म्हणालो.

पुढच्या रांगेत हिर्डोशीच्या हौसाबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, कंपनीच्या संचालक. बैठकीला यायचं म्हणून त्या पहाटे निघून अर्धा रस्ता चालत आणि अर्धा एसटीनं आल्या होत्या. त्यांनी फळ्याकडे बराच वेळ बघितलं.

"सायेब, रुपाया वर गेला म्हंजे चांगलं ना?"

"चांगलं. डॉलर स्वस्त झाला."

"मंग बाण वर चाललाय आन् आकडा चौऱ्याऐंशीचा ब्याऐंशी कसा झाला?"

शेडमध्ये हशा पिकला. चूक माझी होती. पेपरात येतो तो आकडा रुपयाचा नसतो, डॉलरचा भाव असतो. एक डॉलर घ्यायला किती रुपये मोजायचे, एवढंच तो सांगतो. आकडा खाली आला की डॉलर स्वस्त, म्हणजे रुपया मजबूत. आकडा चढला की रुपया पडला. मी रुपयाचा बाण काढून शेजारी डॉलरचा भाव लिहिला होता.

"मंग सरळ डालरचाच बाण काढायचा की," हौसाबाई म्हणाल्या.

तो फळा पुढे बबनआण्णांनी पेट्रोलनं पुसला.

आता मला तिथं कोणी आणि का बोलावलं, ते सांगतो. नोकरीतली दोन वर्षं मी पुण्याच्या फॉरेक्स विभागात काढली होती. फॉरेक्स म्हणजे परदेशी चलनाची खरेदी-विक्री. त्या दोन वर्षांत मी मुख्यतः फॉर्मवर सही बरोबर जागी आहे का, हे तपासलं. पण भोरला बदली झाल्यावर मी हे फारसं कोणाला सांगितलं नाही. 'फॉरेक्सचे साहेब' म्हटलं की लोक खुर्ची जरा पुढे ओढतात, आणि मला ते आवडत होतं.

कंपनीला एक मशीन घ्यायचं होतं. सॉर्टेक्स म्हणतात त्याला. तांदूळ वरून ओतायचा, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो, आणि काळा किंवा पिवळा दाणा दिसला की हवेचा झोत मारून त्याला बाजूला उडवतो. आमच्याकडचा इंद्रायणी चवीला कोणाला हार जाणार नाही. पण पुण्यातल्या मोठ्या दुकानांना दाणा एकसारखा लागतो. मशीनमधून गेलेल्या तांदळाला किलोमागे चांगले चार पैसे जास्त मिळणार होते. त्यातल्या मोठ्या मॉडेलची किंमत होती चाळीस हजार डॉलर. मशीन परदेशातून यायचं, बिल डॉलरमध्ये. सभासदांचं भांडवल, सरकारी अनुदान आणि आमच्या बँकेचं कर्ज असं सगळं मिळून डॉलर चौऱ्याऐंशीला धरला, तर हिशोब बसत होता. पण अगदी घट्ट. वर बोट शिरायला जागा नव्हती.

अडचण एवढीच, की अनुदान हातात यायला तीन महिने लागणार होते. मशीनचे पैसे दसऱ्यानंतर भरायचे होते. आणि तोपर्यंत डॉलर काय करील, हे कोणालाच माहीत नव्हतं. मला सोडून.

मी सांगितलं, की डॉलर हाही बाजारातला एक मालच आहे. आपला देश बाहेरून तेल घेतो, सोनं घेतो, मशीनं घेतो, त्याचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. तेव्हा डॉलरला गिऱ्हाईक वाढतं. आपण बाहेर माल विकतो, आपली पोरं तिकडून घरी पैसे पाठवतात, परदेशी कंपन्या इथं पैसा गुंतवतात, तेव्हा डॉलरची आवक वाढते. आवक जास्त तर भाव पडतो, गिऱ्हाईक जास्त तर भाव चढतो. हे सगळ्यांना लगेच समजलं. आयुष्यभर तांदूळ विकलेल्या माणसांना यात नवीन काय होतं?

तिथंच थांबायला हवं होतं. पण मी पुढे गेलो. तेल सध्या स्वस्त आहे, परदेशी पैसा येतोय, दसऱ्यापर्यंत रुपया मजबूत होईल, डॉलर ब्याऐंशीवर येईल, असं मी बोटांवर मोजून सांगितलं.

हौसाबाईंनी हात वर केला.

"सायेब, आमच्याकडं गणपतीला पुण्याचं गिऱ्हाईक येतं. खाचरात हुबं भात बघतं आन् इसार देऊन जातं. मंग दिवाळीला बाजार चढू द्या न्हाईतर पडू द्या, भाव ठरला त्योच. तसा तुमच्या डालरला इसार देता येत न्हाई का?"

आधी हजार-दोन हजार हातावर ठेवायचे आणि भाव बांधून टाकायचा, हा आमच्या भागातला जुना रिवाज. आणि बँकेत नेमकी हीच सोय असते. तिला फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. तीन महिन्यांनी अमुक डॉलर अमुक भावानं घेणार, असं आज बँकेशी लिहून ठरवायचं, थोडी रक्कम मार्जिन म्हणजे अनामत म्हणून बँकेत ठेवायची, की पुढे भाव कुठंही जावो, तुम्हाला ठरलेलाच लागतो. हे शिकायला मला एक कोर्स करावा लागला होता. परीक्षा दोनदा दिली होती. हौसाबाई खाचराच्या बांधावरून थेट तिथं पोचल्या होत्या.

"येतो ना देता," मी हसत म्हणालो. "पण तो बांधलेला भाव आजच्यापेक्षा अर्धा रुपया जास्त असतो. चाळीस हजार डॉलरवर वीस हजार रुपये झाले. डॉलर स्वस्त होणार असताना वीस हजार कशाला घालवायचे?"

"पर न्हाई झाला सवस्त तर?"

"होईल, हौसाबाई. मी आहे ना."

बबनआण्णांनी मान डोलावली. "आक्का, सायेब फॉरेक्सचं हायेत." विषय संपला. मी वीस हजार वाचवून दिले म्हणून माझा श्रीफळ देऊन सत्कार झाला.

पंधरा दिवसांत वारं फिरलं. तेल महागलं. परदेशी गुंतवणूकदार इथले शेअर विकून डॉलर घेऊन परत निघाले. सगळे एकदम दाराकडे धावल्यावर दाराशी जी रेटारेटी होते, तीच डॉलरसाठी झाली. देशाची मध्यवर्ती बँक अशा वेळी आपल्याकडचे डॉलर बाजारात ओतते, पण त्यानं घसरण जरा हळू होते, थांबतेच असं नाही. डॉलर पंचाऐंशी झाला. मग साडेपंचाऐंशी.

पुण्याच्या फॉरेक्स डेस्कवर कुलकर्णी नावाचा जुना सहकारी होता. त्याचा फोन आला.

"तुझ्या त्या राइस पार्टीचं अजून उघडंच आहे का?"

उघडं म्हणजे भाव न बांधलेलं.

"येईल रे खाली," मी म्हणालो.

"येईलही. पण आज बांधलंस तर साठ-सत्तर हजारांत सुटतील. तेवढे ते आपसांत गोळा करतील."

तो बरोबर बोलत होता. पण त्या दिवशी भाव बांधायचा म्हणजे कापूरहोळला फोन करून, माझं चुकलं, असं सांगायचं. मी म्हणालो, "दोन दिवस बघू." ते दोन दिवस मी पुढे पाच आठवडे बघत होतो. रोज सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर डॉलर. आकडा दहा पैशांनी उतरला की मला वाटायचं, बघ, सुरू झालं. चाळीस पैशांनी चढला की वाटायचं, हे तात्पुरतं आहे.

गणपतीनंतर हौसाबाई पासबुक भरायला शाखेत आल्या. काम झाल्यावर माझ्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

"सायेब, डालर कुठवर आला?"

"जरा वर आहे. उतरेल."

"गिऱ्हाईक येऊन गेलं गणपतीला. अठरा घरांनी इसार माघारी दिला." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "म्या सांगितलं, यंदा आपला तांदूळ मशिनीतनं जायाचा. दोघं-तिघं तयार नव्हती, त्यांच्या घरी जाऊन बसले. येवढं वरीस माझं ऐका, म्हणलं."

मी त्यांना बसा म्हणालो. चहा मागवला. माझ्या समोर कॉम्प्युटरवर त्या क्षणाचा भाव होता. कुलकर्णीला एक फोन केला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मी हौसाबाईंना साखर पुरे का, एवढंच विचारलं.

नवरात्र संपेपर्यंत डॉलर अठ्ठ्याऐंशी झाला. चाळीस हजार डॉलरवर एक लाख साठ हजार जास्त. आयात कर आणि जीएसटी या वाढलेल्या रकमेवरही लागतात, त्यामुळे सगळं मिळून फरक दोन लाखांच्या घरात गेला. मशीनवाल्यांचा मेल आला, की जुन्या किमतीला या महिनाअखेरपर्यंतच पैसे घेऊ. मोठं मॉडेल किंवा छोटं, काय ते कळवा.

मी रिजनल ऑफिसला फोन लावला. तिथल्या मॅडम कामाला पक्क्या होत्या.

"कर्जाची रक्कम वाढवायची तर नवं प्रपोझल पाठवा. दीड महिना धरा."

"मॅडम, दीड महिन्यात भात घरात येईल. मशीनला जहाजानं यायलाच महिना लागतो."

"मग फॉरवर्ड का बुक केलं नाही? यांचा खर्च डॉलरमध्ये आणि कमाई रुपयात. तांदूळ बाहेर विकत असते तर डॉलर चढल्याचा तिकडून फायदा तरी झाला असता. हे तर पुण्यात विकतात. तुम्ही त्यांना काहीच सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं."

"काय?"

"थांबा म्हणून."

मग मॅडम म्हणाल्या, "हे मी ऐकलेलं नाही," आणि त्यांनी फोन ठेवला.

शेडमध्ये पुन्हा बैठक झाली. या वेळी मी फळ्यापासून लांब बसलो. सभासदांनी आधीच शेअरचे पैसे भरलेले, आणखी दोन लाख आठवड्यात उभे राहणार नव्हते. बबनआण्णांनी छोटं मॉडेल घ्यायचं ठरवलं. छोटं मॉडेल मोठ्याच्या निम्म्याहून जरा जास्त माल काढतं. पुण्यातल्या दुकानांना माल ठरावीक महिन्यांतच हवा होता. म्हणजे सगळ्या गावांचं भात यंदा मशीनमधून जाणार नव्हतं. कोणाचं सोडायचं, हा प्रश्न कोणी तोंडानं विचारला नाही.

"हिर्डोशीचं भात आणायला टेम्पोचं भाडंबी लई पडतं," बबनआण्णा हळूच म्हणाले. "पुढल्या साली आधी हिर्डोशी. शब्द देतो, आक्का."

"आन् यंदा?"

बबनआण्णांनी हिशोबाची वही मिटून ठेवली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना हिशोब जुळवायचा होता, आणि तो बिघडवला होता मी.

आपल्या खिशातून पैसे द्यावेत, असं माझ्या मनात आलं होतं. बँकेच्या माणसाला ग्राहकाच्या धंद्यात पैसे घालता येत नाहीत, असा नियम आहे. तो नियम त्या दिवशी मला किती सोयीचा वाटला, हे आठवलं की अजूनही ओशाळायला होतं.

बैठक उठल्यावर हौसाबाई माझ्यापाशी आल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सायेब, तुमी हिर्डोशीला चला. म्या सांगितलं तर म्हणतील, बाईला काय कळलं न्हाई, उगा नादी लावलं. तुमी सांगा."

मी रविवारी गेलो. माझी गाडी गॅरेजमध्ये होती, आणि एसटीनं मला जिथं सोडलं तिथून बरंच चालावं लागलं. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडून वाकलं होतं. आठवड्याभरात कापणीला येणार होतं. त्या रस्त्यानं हौसाबाई दर बैठकीला चालत येत, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि स्वतःच्या पायांनी मोजणं वेगळं.

शाळेच्या ओसरीत अठरा घरांची माणसं जमली होती. मी सुरुवात केली, की जागतिक बाजारात तेलाचे दर वाढल्यामुळे आणि परदेशी गुंतवणूकदारांनी...

"सायेब," हौसाबाई मागून म्हणाल्या, "त्ये नगं. काय झालं त्ये सांगा."

मी थांबलो. मग म्हणालो, "मशीन छोटं घ्यायचं ठरलंय. तुमचा तांदूळ यंदा त्यातून जाणार नाही. डॉलरचा भाव आधीच बांधून टाका, असं हौसाबाईंनी श्रावणातच सगळ्यांसमोर सुचवलं होतं. मी नको म्हणालो. त्यांचं बरोबर होतं. चूक माझी आहे."

एक म्हातारेबुवा म्हणाले, "म्हंजे हौसी बराबर बोलली हुती?"

"हो."

"मंग बास. तिच्यावर काई न्हाई."

"बास काय, मामा?" खांबाला टेकून उभी असलेली एक तरुण बाई एकदम बोलली. "इसार माघारी दिला त्या गिऱ्हाइकाला आता फोन लावतोय, तर उचलत न्हाई. माझ्या घरी पंधरा पोती व्हतील. ती काय ह्या सायबांच्या बँकेत ठिवू?"

यावर कोणी हसलं नाही. थोड्या वेळानं चहा आला. ज्या घरातून आला ते घर त्याच बाईचं होतं, हे मला कप परत देताना कळलं.

त्या वर्षी हिर्डोशीचं भात शेवटी तोच पुण्याचा व्यापारी घेऊन गेला. त्याला सगळी गोष्ट कळलेली होती. त्यामुळे गणपतीत बोलला होता त्याच्याहून कमी भावानं घेऊन गेला.

हौसाबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. एसटीचा पत्ता नव्हता. आम्ही दोघं दगडावर बसलो.

"पुढं डालरचं काम निघालं तर कुणाला इचारायचं?" त्यांनी विचारलं.

"मलाच विचारा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"इचारीन. पर ठरवीन म्याच."

छोट्या मशीनचे पैसे भरून झाल्यावर महिन्याभरात रुपया सावरला. डॉलर उतरत उतरत बराच खाली आला. म्हणजे माझा अंदाज तसा बरोबर होता, फक्त उशिरा. बँकेत उशिराचा बरोबर अंदाज चूक या सदरातच धरतात, आणि ते योग्यच आहे. कुलकर्णीनं मला अभिनंदनाचा मेसेज पाठवला.

आता कोणी डॉलरचं काम घेऊन आलं, की मी रुपया कुठं जाईल ते सांगत नाही. एवढंच विचारतो, की डॉलर चार रुपयांनी चढला तर तुमचं काय अडेल? काहीच अडत नसेल तर थांबा, तुमची मर्जी. काही अडत असेल तर आजच भाव बांधा, अर्धा रुपया जाऊ द्या. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतून मी शिकलो ते एवढंच, आणि तेही एका सभासदानं फुकट सांगितलं होतं.

त्या रविवारी हिर्डोशीहून घरी पोचलो तेव्हा पाय सुजले होते. बायको स्वयंपाकघरात नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. मी ओट्याशी स्टूल ओढून बसलो आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेल, गुंतवणूकदार, फॉरवर्ड, मार्जिन, रिजनलच्या मॅडम, ती पंधरा पोती. शेवटची भाकरी तव्यावर टाकून तिनं पीठ लागलेले हात धुतले.

"त्या बाईला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं ना?" ती म्हणाली. "मग नुसतं हो म्हणायला तुम्हाला काय झालं होतं?"